वास्तू उभारणारे आणि वास्तू राखणारे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



‘जगातील प्रसिद्ध वास्तू आणि त्यांचा इतिहास’ हा विषय आपणच मला सुचविला. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. प्रत्येक वास्तूची उंची, लांबी आणि बांधणीचे साल सांगत बसलो, तर तासाभरात आपल्या हाती केवळ आकडे उरतील. म्हणून मी मोजक्याच वास्तू निवडल्या आहेत आणि त्यांना एकच प्रश्न विचारणार आहे : तुम्ही अजून उभ्या कशा?

आयुष्याची चौतीस वर्षे मी बांधकामाच्या व्यवसायात घालवली. त्या अनुभवावरून एक गोष्ट निश्चितपणे सांगतो. वास्तू पायाभरणीच्या दिवशी जन्माला येते हे खरे, परंतु ती जगते ती पुढच्या प्रत्येक दिवशी तिच्याकडे लक्ष देणाऱ्यांमुळे. पायाभरणीची छायाचित्रे निघतात, कोनशिला बसते. गच्चीची भेग बुजविणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. आज मला या दुसऱ्या माणसाविषयी बोलावयाचे आहे.

सव्वा लाख देणगीदारांचा चौथरा

न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आपण सर्वांनी चित्रात तरी पाहिला आहे. फ्रान्समधील विचारवंत एदुआर द लाबुले यांची ही कल्पना आणि शिल्पकार बार्तोल्दी यांची ही निर्मिती. आतील लोखंडी सांगाडा गुस्ताव्ह आयफेल यांनी रचला. त्या सांगाड्यावर तांब्याचे पत्रे चढविले आहेत आणि त्या पत्र्यांची जाडी अवघी सुमारे २.४ मिलिमीटर आहे. बाहेरून अभेद्य वाटणारी ही मूर्ती वास्तविक पातळ पत्र्याची आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुतळ्याचा खर्च फ्रान्सच्या जनतेने वर्गणीतून करावा आणि चौथऱ्याचा खर्च अमेरिकेने करावा, असे ठरले होते. फ्रेंचांनी आपला वाटा पूर्ण केला. अमेरिकेत मात्र चौथऱ्यासाठी पैसा जमेना. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेली ५० हजार डॉलरची तरतूद १८८४ मध्ये राज्यपालांनी रोखली. केंद्रीय विधिमंडळानेही हात आखडता घेतला. धनिकांना वाटे, की हा न्यूयॉर्कचा प्रश्न आहे. आणि इतर शहरांना वाटे, की हा धनिकांचा प्रश्न आहे. काम अर्धवट थांबले.

अशा वेळी हंगेरीतून स्थलांतरित होऊन आलेले वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर पुढे सरसावले. मार्च १८८५ मध्ये त्यांनी आपल्या ‘द वर्ल्ड’ या पत्रातून सामान्य जनतेला आवाहन केले. हा पुतळा फ्रान्सच्या लक्षाधीशांनी अमेरिकेच्या लक्षाधीशांना दिलेला नसून तेथील जनतेने येथील जनतेला दिलेला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. देणगी कितीही लहान असली तरी देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. आयोवा राज्यातील एका बालवर्गाने १ डॉलर ३५ सेंट पाठविले, त्याचीही नोंद झाली. ऑगस्ट १८८५ पर्यंत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणगीदारांची संख्या १ लाख २० हजारांवर होती आणि त्यांपैकी बहुतेकांनी एक डॉलरहून कमीच रक्कम दिली होती. दरम्यान जूनमध्ये ३५० भागांत सुटा केलेला पुतळा २१४ पेट्यांतून बंदरात येऊन थांबला होता. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी त्याचे लोकार्पण झाले.

संस्थेचे हिशेब सांभाळणाऱ्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको. मोठी देणगी काम सुरू करते. लहान देणग्या त्या कामाला माणसे जोडतात. ज्याने एक रुपया दिला, तो येता-जाता त्या वास्तूकडे पाहतो आणि ‘ही माझी आहे’ असे मनाशी म्हणतो.

परंतु कथा येथे संपत नाही. लोखंड आणि तांबे एकमेकांना भिडले आणि त्यांत खारी हवा शिरली, तर लोखंड झपाट्याने गंजते, हे आयफेल जाणत होते. म्हणून दोहोंमध्ये त्यांनी लाखेत भिजविलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा थर दिला होता. हा थर कालांतराने झिजला. लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि त्यांनी तांब्याच्या पत्र्यातील रिव्हेट उपटून काढले. हातातील मशालीत १९१६ मध्ये प्रकाशासाठी काचेची तावदाने बसविली होती. त्यांच्या सांध्यांतून पावसाचे पाणी आत झिरपत राहिले. शोभेसाठी केलेला बदल गळतीचे कारण ठरला. शताब्दी जवळ आली तेव्हा, १९८४ ते १९८६ या काळात, सुमारे १,८०० लोखंडी पट्ट्या काढून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसविण्यात आल्या. हे काम थोड्या-थोड्या पट्ट्या काढतच करावे लागले, कारण एकदम साऱ्या काढल्या असत्या तर पत्र्यांना आधार उरला नसता. मशालही नवी झाली. बंदरातून दिसणारा चेहरा तोच राहिला. आतील हाडे मात्र बदलली. शंभर वर्षांनंतर त्या सव्वा लाख देणगीदारांच्या नातवंडा-पतवंडांनी आपला वाटा पुन्हा उचलला, असेच मी म्हणेन.

घाईने बिघडलेला आणि संयमाने सावरलेला मनोरा

इटलीतील पिसा येथील कलता मनोरा हा वास्तविक तेथील प्रार्थनामंदिराचा घंटामनोरा. त्याच्या मुळाशीही एक लहानशी देणगी आहे. बेर्ता नावाच्या एका विधवेने ११७२ मध्ये आपल्या मृत्युपत्रात या मनोऱ्याच्या दगडांसाठी ६० नाणी ठेवली होती. ११७३ मध्ये पाया घातला गेला. तीन मजले चढतात न चढतात तोच मनोरा कलू लागला, कारण खालची माती मऊ आणि चिकण होती. ११७८ च्या सुमारास काम थांबले आणि जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले. पुढे १२७२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, युद्धामुळे पुन्हा खंडले आणि चौदाव्या शतकात पूर्ण झाले.

हा खंड म्हणजे पिसावासीयांचे दुर्दैव, असे त्या काळी वाटले असेल. आजचे मृदाशास्त्रज्ञ नेमके उलटे सांगतात. मनोरा सलग बांधला गेला असता, तर मातीने भार सोसला नसता आणि तो कोसळला असता. मधल्या विश्रांतीत मातीतील पाणी निघून गेले, ती दबली, घट्ट झाली आणि पुढचा भार पेलण्यास सिद्ध झाली. थांबणे हेही काही वेळा बांधकामच असते.

नंतरच्या काळात मात्र पुष्कळांनी या मनोऱ्यावर उपकार करण्याची घाई केली. १८३८ मध्ये एका वास्तुविशारदाने जमिनीत रुतलेला तळ लोकांना दिसावा म्हणून भोवती चर खणला. खालून पाणी उसळले आणि मनोरा आणखी कलला. १९३४ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत मनोरा सरळ करण्याच्या हेतूने पायात साडेतीनशेहून अधिक छिद्रे पाडून सिमेंटचे द्रावण ओतण्यात आले. मनोरा सरळ होण्याऐवजी दक्षिणेकडे अधिकच झुकला.

मार्च १९८९ मध्ये इटलीतीलच पाव्हिया येथील जुना मनोरा अचानक कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. मग जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद करण्यात आला आणि प्राध्यापक यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. लंडनचे प्राध्यापक जॉन बर्लंड हे तिचे एक प्रमुख सदस्य होते. १९९३ मध्ये उत्तर बाजूच्या तळावर सुमारे ६०० टन शिशाचे ठोकळे ठेवून कल तात्पुरता थोपविण्यात आला. हे ठोकळे कुरूप दिसतात अशी ओरड झाली. त्यांच्याऐवजी जमिनीखाली दोर ताणण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि त्यासाठी माती गोठविण्यात आली. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यामुळे मनोरा एकाएकी हलला. काम तत्काळ थांबवून शिशाचे वजन वाढवावे लागले. समितीतील थोर तज्ज्ञांच्या हातूनही चूक झाली. पण त्यांनी ती लपविली नाही आणि तिच्यावरून ते शिकले.

अखेरीस जो उपाय लागू पडला, तो अत्यंत साधा होता. मनोरा दक्षिणेकडे झुकतो, तर उत्तरेकडील तळाखालची माती काढावयाची. मात्र तिरप्या नळ्यांतून, रोज थोडी-थोडी, प्रत्येक वेळी मनोऱ्याची हालचाल मोजून. १९९९ मध्ये प्रयोग झाला आणि २००१ पर्यंत काम पूर्ण झाले. सुमारे साडेचौदा हजार टनांचा मनोरा सुमारे ४५ सेंटिमीटर मागे आला. सुमारे ३८ घनमीटर मातीने हे घडविले. १५ डिसेंबर २००१ रोजी मनोरा लोकांसाठी पुन्हा उघडला. तो पूर्ण सरळ करावा, असे मात्र कोणीही म्हटले नाही. त्याचे वैगुण्य हेच त्याचे रूप झाले होते आणि समितीने त्याचा आदर केला.

येथे मला माझ्याच जीवनातील एका प्रसंगाची कबुली द्यावीशी वाटते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी जुने दगडी वाचनालय होते. एका भिंतीला तडा गेला होता. पाहणीसाठी मला पाठविण्यात आले. मी दोन तास पाहणी केली आणि ‘दुरुस्तीपेक्षा नवी इमारत सोयीची’ असा अभिप्राय दिला. तडा का गेला, हे मी शोधले नाही. वाचनालयाचे वृद्ध शिपाई माझ्यामागून येत म्हणाले, “साहेब, मागच्या गटाराचं पाणी पायात मुरतंय. तेवढं वळवून बघा.” मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. इमारत पाडली गेली. नवी उभी राहिली, तिचे उद्घाटन झाले, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्याही भिंतीला त्याच कोपऱ्यात तडा गेला. कारण गटार तेथेच होते! पिसाची हकीकत मी वाचली तेव्हा मला ते शिपाई आठवले. वास्तूजवळ रोज असणाऱ्या माणसाला जे दिसते, ते दोन तास येणाऱ्या तज्ज्ञाला दिसत नाही. त्यांची क्षमा मागावी असे मनात आले, तोवर ते हयात नव्हते.

उपयोगी पडला म्हणून राहिला

आयफेल मनोऱ्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तो सर्वपरिचित आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी तो दोन वर्षे आणि दोन-तीन महिन्यांत उभा राहिला. १८,०३८ सुटे भाग आणि २५ लाख रिव्हेट त्यात आहेत. तो बांधला जात असताना, फेब्रुवारी १८८७ मध्ये, मोपासाँ आणि गार्निए यांच्यासारख्या नामवंत साहित्यिक-कलावंतांनी पॅरिसच्या सौंदर्याला कलंक लागेल म्हणून जाहीर निषेध केला होता. शिवाय त्याचा परवाना २० वर्षांचाच होता. त्यानंतर तो नगराच्या ताब्यात जाणार आणि नगराने ठरविल्यास उतरविला जाणार, अशी व्यवस्था होती.

आयफेल यांनी मनोऱ्याच्या बचावासाठी वादविवादावर विसंबणे सोडले आणि त्याला कामाला लावले. वर हवामानाची निरीक्षणे सुरू केली, हवेच्या रोधाचे प्रयोग केले आणि बिनतारी संदेशवहनाच्या लष्करी प्रयोगांचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी दाखविली. मनोरा देशाच्या संपर्कव्यवस्थेचा आधार बनला आणि १९१० मध्ये परवान्याला ७० वर्षांची मुदतवाढ मिळाली. आज प्रक्षेपणाच्या शिखरासह त्याची उंची ३३० मीटर आहे. साधारणतः दर सात वर्षांनी रंगारी त्याला हाताने रंग देतात आणि प्रत्येक वेळी सुमारे ६० टन रंग लागतो. जी वास्तू लोकांच्या रोजच्या उपयोगी पडते, तिला पाडण्याचा विचार करणारे आपोआप मागे सरतात.

सर्वांनी मिळून उचललेले मंदिर

इजिप्तमधील अबू सिंबेल येथे फारो दुसरा रामसेस याने सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी डोंगरात दोन मंदिरे खोदविली. मोठ्या मंदिराच्या दर्शनी भागी सुमारे २० मीटर उंचीच्या चार बैठ्या मूर्ती आहेत. आस्वानच्या उंच धरणामुळे ही मंदिरे जलाशयात बुडणार, हे निश्चित झाले. धरण इजिप्तच्या शेतीसाठी आणि विजेसाठी आवश्यक होते. म्हणून वाद न घालता मार्ग काढावयास हवा होता. मार्च १९६० मध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली. सुमारे ५० देशांनी साहाय्य केले. बुडणाऱ्या नुबिया प्रदेशातील उत्खननांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली तेथे गेले होते.

१९६४ ते १९६८ या काळात दोन्ही मंदिरे हजाराहून अधिक खंडांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे पुन्हा रचण्यात आली. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमध्ये, उगवत्या सूर्याचा किरण मोठ्या मंदिराच्या गर्भगृहापर्यंत पोहोचतो. ती योजनाही नव्या जागी सांभाळली गेली. या अनुभवातूनच पुढे १९७२ चा जागतिक वारसा करार आकारास आला. एका देशाची वास्तू ही सर्व मानवजातीची ठेव आहे, ही आज सहज वाटणारी कल्पना अशा सामुदायिक श्रमांतून रुजली आहे.

दर वीस वर्षांनी नवे, तरीही प्राचीन

शेवटची वास्तू जपानमधील इसे येथील देवस्थान. ते अतिप्राचीन आहे, पण त्यातील मुख्य मंदिराचे लाकूड वीस वर्षांहून जुने नसते! इ. स. ६९० पासून चालत आलेली ही प्रथा आहे. मंदिरालगत तेवढीच मोकळी जागा राखलेली असते. दर वीस वर्षांनी त्या जागेवर जसेच्या तसे नवे मंदिर उभारतात आणि नंतर जुने उतरवितात. २०१३ मध्ये हे बासष्टाव्यांदा घडले. उतरविलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य खांबांपासून तोरणद्वारे होतात आणि उरलेले लाकूड देशातील इतर देवस्थानांना दिले जाते.

वीस वर्षांचेच अंतर का, यामागे एक सुज्ञ हिशेब दिसतो. विशीतील तरुण सुतार पहिल्या वेळी हाताखाली शिकतो, चाळिशीत तोच काम चालवितो आणि साठीत नव्यांना मार्गदर्शन करतो. वास्तू वीस वर्षांची, परंतु विद्या तेराशे वर्षांची! १९२३ मध्ये तेथे वृक्षलागवडीची दोनशे वर्षांची योजना आखली गेली, जेणेकरून पुढे देवस्थानाच्याच वनातून लाकूड मिळावे. ती झाडे लावणाऱ्यांना ठाऊक होते, की त्यांचे मोठे खांब आपण पाहणार नाही.

या परंपरेतही खंड पडला होता. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवी युद्धांत शंभराहून अधिक वर्षे पुनर्बांधणी झाली नाही. ती पुन्हा सुरू करण्यासाठी सेइजुन नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीने गावोगाव फिरून निधी गोळा केला आणि १५६३ मध्ये बाह्य मंदिर पुन्हा उभे राहिले. देवस्थान शिंतो, आणि झोळी घेऊन हिंडली ती बौद्ध भिक्षुणी! अपरिग्रहाचे महत्त्व जाणणाऱ्या या सभेला मी याहून अधिक काय सांगावे? जिच्यापाशी स्वतःचे काहीच नव्हते, तिनेच सर्वांसाठी मागितले.

उपसंहार

बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेला ५० वर्षे झाली. ज्यांनी पाया घातला, त्यांच्यापैकी काही ज्येष्ठ आज समोर बसले आहेत. अनेक आता आपल्यात नाहीत. त्यांची नावे कोनशिलेवर आहेत आणि ती असावीत. परंतु पुढच्या ५० वर्षांची जबाबदारी कोनशिला उचलणार नाही. म्हणून जाता-जाता तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती : सुवर्णमहोत्सवाच्या निधीतील काही भाग केवळ देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि त्याला नव्या बांधकामासाठी हात लावू नये. दुसरी : या निधीसाठी घरटी लहानात लहान रक्कम घ्यावी, मुलांकडूनही घ्यावी आणि प्रत्येक नाव वहीत लिहावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : विशी-पंचविशीतील दोन-चार तरुणांना आत्तापासून विश्वस्तांच्या शेजारी बसवावे. हिशेब कसा लिहितात, पागोळ्या कोठे गळतात, पाण्याची टाकी केव्हा धुतात, कोणत्या घरी मदत न मागता पोहोचवावी लागते, हे त्यांना दाखवावे. हे ज्ञान घटनेच्या पुस्तकात लिहिलेले नसते; ते शेजारी बसूनच मिळते.

आणि एक सांगावयाचे राहिले. या सभागृहाची झाडलोट करणारे, दिवे लावणारे, दारे उघडणारे जे सेवक आहेत, त्यांना वर्षातून एकदा तरी सन्मानाने बसवून विचारावे, “कोठे काय बिघडते आहे?” मी एकदा हे विचारले नाही. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

संस्थेच्या शताब्दीला मी नसेन; परंतु हे छप्पर तेव्हाही गळत नसावे, अशी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.